धूर गेला, तंबाखू राहिली: जपानच्या सिगारेट बाजाराचा प्रकरण अभ्यास

१९९६ च्या आर्थिक वर्षात जपानमध्ये ३४,८३० कोटी सिगारेटी विकल्या गेल्या. तो कळस होता. तिथून उतार लागला आणि २०१५ पर्यंत विक्री १८,३३० कोटींवर आली. जवळपास निम्म्यावर यायला एकोणीस वर्षं लागली. पुढची जवळपास तेवढीच टक्केवारीची घट मात्र पाचच वर्षांत झाली. २०२० साली विक्री होती ९,८८० कोटी.

या पाच वर्षांत करही वाढला होता, पण नुसत्या कराने हे घडलं असं म्हणता येत नाही. २०१० च्या ऑक्टोबरात सिगारेटवरचा कर एका फटक्यात कांडीमागे साडेतीन येनने वाढला होता. तेव्हा विक्री खाली आली आणि मग बऱ्यापैकी स्थिरावली. २०१८ ची वाढ कांडीमागे एका येनची होती. छोटी करवाढ आणि मोठी घसरण, हे गणित जुळत नाही. मधे एक नवीन वस्तू आली होती: तंबाखू न जाळता तापवणारं यंत्र.

विक्री इतक्या वेगाने का घसरली, हा एक प्रश्न. त्यातून धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात काय बदललं, हा दुसरा. जपानचं उदाहरण देताना पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यालाही लावून टाकण्याची सवय तंबाखू कंपन्यांना आहे, काही संशोधकांना आहे आणि आता ती सिगारेट ओढणाऱ्या सामान्य माणसालाही लागली आहे. ती मला धोक्याची वाटते. म्हणून इथे दोन्ही प्रश्न वेगळे ठेवून हे प्रकरण तपासतो.

यंत्र

सिगारेटचं टोक झुरका घेताना ८०० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत पोचतं. तंबाखू आणि कागद जळतात आणि त्या ज्वलनातून टार, कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो रसायनं तयार होतात. सिगारेटपासून होणाऱ्या नुकसानाचा फार मोठा भाग या जळण्यातून येतो. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं, पण फुफ्फुसाचा कर्करोग घडवतो तो मुख्यतः धूर.

फिलिप मॉरिस इंटरनॅशनल कंपनीच्या आयकॉससारख्या यंत्रात तंबाखूच्या चुऱ्यापासून केलेल्या पातळ पापुद्र्याची आखूड कांडी असते. पापुद्र्यात ग्लिसरिन मिसळलेलं असतं, त्याची तापल्यावर दाट वाफ होते. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये कांडीच्या पोटात एक तापणारं पातं शिरायचं आणि तापमान सुमारे ३५० अंशांच्या आत राखलं जायचं. एक कांडी सहा मिनिटं किंवा चौदा झुरके चालते. राख पडत नाही, थोटूक विझवावं लागत नाही आणि धुराचा तो कपड्यांत, पडद्यांत, केसांत मुरणारा वास फारच कमी येतो. ग्लो हे यंत्र याहून कमी तापमानावर चालतं. प्लूम टेकमध्ये तर द्रवाची वाफ तंबाखूच्या छोट्या कॅप्सूलमधून जाते आणि तंबाखू जेमतेम कोमट होते.

कल्पना जुनीच आहे. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने १९८८ मध्ये अमेरिकेत प्रीमियर नावाची अशी सिगारेट काढली होती. चवीमुळे लोकांनी ती नाकारली. फिलिप मॉरिसने १९९८ मध्ये अकॉर्ड आणलं, तेही बाळसं धरू शकलं नाही. पुढे बॅटऱ्या लहान आणि चांगल्या झाल्या, तापमान नेमकं राखता येऊ लागलं. तरीही हे यंत्र जगात सगळीकडे सारखं चाललेलं नाही. ते जपानमध्ये चाललं, आणि त्याची कारणं यंत्रापेक्षा जपानमध्ये जास्त सापडतात.

कायद्यातलं उघडं दार

जपानमध्ये निकोटिन असलेलं ई-सिगारेटचं द्रव औषध मानलं जातं. औषध म्हणून मंजुरी मिळाल्याशिवाय ते दुकानात विकता येत नाही. ब्रिटन किंवा अमेरिकेत सिगारेटला पर्याय शोधणारा माणूस बहुतेक वेळा ई-सिगारेटकडे वळतो. जपानी माणसासाठी तो रस्ता बंद होता. तापवण्याच्या कांडीत मात्र खरी तंबाखू असते. त्यामुळे ती औषधाच्या कायद्यात न जाता १९८४ च्या तंबाखू व्यवसाय कायद्याखाली येते, आणि सिगारेट जिथे मिळते तिथे मिळते.

हा कायदा वित्त मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तंबाखू उद्योगाचा निकोप विकास आणि सरकारी महसुलाची खात्री ही त्याची उद्दिष्टं आहेत. पूर्वीची सरकारी मक्तेदारी १९८५ मध्ये जपान टोबॅको या कंपनीत बदलली, पण तिचे एक तृतीयांशाहून अधिक शेअर सरकारने स्वतःकडे ठेवावेत असं कायदाच सांगतो. तंबाखूवरच्या केंद्रीय आणि स्थानिक करांतून वर्षाला सुमारे दोन लाख कोटी येन येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला जपानने २००४ मध्येच मान्यता दिली. म्हणजे एका हाताने तंबाखू कमी करण्याचं वचन द्यायचं आणि दुसऱ्या हाताने तंबाखू कंपनीचा लाभांश घ्यायचा. पुढचे बरेचसे निर्णय या दोन हातांच्या ओढाताणीतून निघालेले आहेत.

नागोया ते संपूर्ण देश

फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने नोव्हेंबर २०१४ मध्ये आयकॉसची चाचणी विक्री दोन शहरांत सुरू केली, इटलीत मिलान आणि जपानमध्ये नागोया. जपानमध्ये मग एकेक प्रांत जोडत एप्रिल २०१६ पर्यंत ते देशभर पोचलं. त्याच वर्षी मार्चमध्ये जपान टोबॅकोने फुकुओकात प्लूम टेक आणलं आणि डिसेंबरात ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने सेन्दाईत ग्लो.

ओसाकातील कर्करोग संस्थेचे ताकाहिरो ताबुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरून केलेल्या पाहणीत या लाटेचं सुरुवातीचं चित्र दिसतं. गेल्या तीस दिवसांत आयकॉस वापरलेल्यांचं प्रमाण २०१५ च्या आरंभी ०.३ टक्के होतं, २०१६ मध्ये ०.६ आणि २०१७ मध्ये ३.६. मधे काय घडलं? एप्रिल २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका लोकप्रिय गप्पांच्या कार्यक्रमात विनोदी कलाकारांनी आयकॉसबद्दल तोंडभरून सांगितलं. त्याच सुमाराला इंटरनेटवरचा आयकॉसचा शोध एकदम उसळला. तो कार्यक्रम पाहिलेल्यांमध्ये वापराचं प्रमाण १०.३ टक्के निघालं, न पाहिलेल्यांमध्ये २.७. ज्यांना आधीच रस होता त्यांनीच कार्यक्रम पाहिला असेल, हे इथे लक्षात ठेवायला हवं. तरीही जाहिरातीवर स्वनियमनाची बंधनं असलेल्या वस्तूला करमणुकीच्या वाटेने इतकी प्रसिद्धी मिळावी, ही गोष्ट जाहिरातबंदीचे नियम लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. २०१९ पर्यंत याच पाहणीत तापवलेल्या तंबाखूचा वापर ११.३ टक्क्यांवर पोचला होता.

सिगारेटची विक्री आयकॉसमुळेच घसरली याला पुरावा काय? वस्तू टप्प्याटप्प्याने देशभर गेली याचा इथे उपयोग झाला. अमेरिकन कॅन्सर सोसायटीतील संशोधकांनी जपानच्या वेगवेगळ्या विभागांतली मासिक विक्री तपासली. आयकॉस प्रत्येक विभागात वेगळ्या महिन्यात पोचलं होतं, आणि सिगारेटची विक्री त्या त्या विभागात त्याच सुमारास घसरू लागली. सगळ्या देशात एकाच वेळी लागू होणारा कर किंवा कायदा असा सरकता नकाशा काढू शकत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास तंबाखू कंपन्यांच्या पैशावर झालेला नाही, म्हणून मी तो महत्त्वाचा मानतो. तापवलेल्या तंबाखूने जळणाऱ्या सिगारेटची जागा घेतली, या पहिल्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही.

लोक का वळले

विचार करा, टोकियोत कचेरीत काम करणारा, पंचेचाळिशीच्या आसपासचा, वीस वर्षं सिगारेट ओढणारा गृहस्थ. २००२ मध्ये चियोदा विभागाने रस्त्यावर सिगारेट ओढणाऱ्याला दंड लावला, मग इतर विभागांनी तोच कित्ता गिरवला. स्टेशनबाहेर धूम्रपानासाठी आखलेले कोपरे आले. कचेरीतली धूम्रपानाची खोली कुठे लहान झाली, कुठे बंद झाली. घरी मूल झाल्यावर दिवाणखान्यातून बाल्कनीत हकालपट्टी झाली, आणि मग वरच्या मजल्यावरचे शेजारी बाल्कनीतल्या धुराबद्दल तक्रार करू लागले. सभेला बसताना शेजारचा सहकारी किंचित सरकून बसतो. कोणी काही बोलत नाही, पण याला ते कळतं. जपानमध्ये दुसऱ्याला आपला त्रास होऊ नये ही शिकवण लहानपणापासून अंगात भिनलेली असते आणि सिगारेट ती रोज मोडायला लावते.

अशा माणसाच्या हाती वास न येणारं, राख न सांडणारं, गुळगुळीत पेनासारखं यंत्र येतं. कांड्यांच्या पाकिटाची किंमत सुरुवातीला त्याच्या नेहमीच्या मार्लबोरोइतकीच, म्हणजे ४६० येन. यंत्राला सुमारे दहा हजार येन एकदाच द्यायचे. सुरुवातीला यंत्रांचा तुटवडा होता, आणि तुटवड्याने आकर्षण वाढलंच. सवयही फारशी बदलायची नाही: पाकीट, कांडी, तोंडाला लावणं, सहा मिनिटांची विश्रांती, सगळं तेच. एक गैरसोय मात्र खरी होती. पहिल्या मॉडेलमध्ये प्रत्येक कांडीनंतर धारक, म्हणजे कांडी बसवायचा भाग, काही मिनिटं चार्जिंगला ठेवावा लागायचा, त्यामुळे एकामागून एक ओढता येत नसे. काहींना त्याचाच उपयोग झाला, बरेच जण वैतागले. २०१८ च्या शेवटी आलेल्या एका मॉडेलने सलग दहा कांड्यांची सोय करून दिली आणि तो अडसरही गेला.

वापरणाऱ्यांनी दिलेल्या कारणांत आरोग्य असतं, पण वास, राख आणि आसपासच्या माणसांना होणारा त्रास या गोष्टी सतत पुढे येतात. हे माणुसकीचं कारण आहे आणि मी त्याला कमी लेखत नाही. ज्याने बायकोमुलांसाठी सिगारेट बदलली त्याचा हेतू चांगलाच होता. प्रश्न असा की वास कमी झाला म्हणून तो पुन्हा दिवाणखान्यात आला का. बाल्कनीतला माणूस परत घरात शिरला असेल, तर मुलांच्या वाट्याला पूर्वी शून्य असलेलं काहीतरी आता येऊ लागलं. जपानी पाहण्यांमध्ये तापवलेल्या तंबाखूची वाफ दुसऱ्याकडून आपल्यापर्यंत आल्याचं सांगणाऱ्यांपैकी ३७ टक्के लोकांनी डोकेदुखी, डोळ्यांची किंवा घशाची जळजळ, अशी कोणती ना कोणती तक्रार नोंदवली होती. वाफ धुरापेक्षा सौम्य असते हे मान्य. पण तुलना नेहमी धुराशीच करायची, स्वच्छ हवेशी कधीच नाही, ही पद्धत घरातल्या मुलाच्या बाजूने विचार केल्यावर टिकत नाही.

घरात आणखी एक धोका आहे, त्याची चर्चा कमी होते. कांडी सिगारेटपेक्षा आखूड असते. ती वापरल्यानंतरही निकोटिन शिल्लक असतं, आणि रांगणाऱ्या मुलाच्या तोंडात ती सहज मावते. लहान मुलांनी कांड्या गिळल्याच्या घटनांबद्दल जपानमधल्या ग्राहक संस्थांनी इशारे दिले आहेत. २०२१ मध्ये आलेल्या आयकॉस इल्युमात पात्याची गरज उरली नाही, कारण कांडीच्या आतच धातूची चपटी पट्टी असते आणि ती चुंबकीय पद्धतीने तापते. म्हणजे आता निकोटिनच्या जोडीला गिळलेल्या धातूच्या पट्टीचीही काळजी. राख नाही म्हणून राखेचं भांडं नाही, आणि वापरलेली कांडी टेबलावर तशीच पडून राहते.

१९ एप्रिल २०१८

या दिवशी फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने तिमाही निकाल जाहीर करताना जपानमधली वाढ अपेक्षेपेक्षा मंदावल्याचं सांगितलं. शेअर एका दिवसात सुमारे १६ टक्के कोसळला. २००८ मध्ये ती स्वतंत्र कंपनी झाल्यापासूनची ती सर्वांत वाईट घसरण. कंपनीचं स्पष्टीकरण असं होतं की नव्याची हौस असलेले ग्राहक आता वळून झाले आहेत, उरलेले वयाने मोठे आणि बदलाला नाखूष आहेत.

बाजाराने ही बातमी पैशाच्या नजरेने वाचली. मला ती आरोग्याच्या नजरेनेही महत्त्वाची वाटते. ज्याने तीस-पस्तीस वर्षं सिगारेट ओढली, ज्याला हृदयविकाराचा आणि फुफ्फुसाच्या आजाराचा धोका आजच सर्वाधिक आहे, तोच सर्वांत मागे राहिला. तरुण, कमावता, यंत्रांची आवड असलेला वर्ग आधी पोचला. आरोग्याचा फायदा व्हायचाच असेल तर तो ज्याला सर्वांत जास्त व्हायला हवा, त्याच्यापर्यंत वस्तू सर्वांत उशिरा जाते. बाजार ग्राहक शोधतो, रुग्ण शोधत नाही. कंपनीवर याचा आरोप करण्यात अर्थ नाही, पण सरकारने आपलं काम बाजारावर सोपवलं तर असंच होणार.

मंदी कायमची ठरली नाही. स्वस्त यंत्रं आली, नव्या पिढीची मॉडेलं आली, आणि आता जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या एकूण तंबाखू उत्पादनांत तापवण्याच्या कांड्यांचा वाटा दहात चाराहून अधिक आहे.

आरोग्याच्या खात्यात काय जमा झालं

आता दुसरा प्रश्न.

कंपन्यांच्या जाहिरातीत ठळक अक्षरांत असतं: हानिकारक घटक सुमारे ९० टक्के कमी. त्याखाली बारीक अक्षरांत असतं की याचा अर्थ आरोग्यावरचे दुष्परिणाम इतर उत्पादनांपेक्षा कमी आहेत असा होत नाही. दोन्ही वाक्यं एकाच पानावर असतात. ठळक वाक्य वाचणाऱ्याच्या मनात घटकांची घट धोक्याची घट होऊन बसते, आणि बारीक वाक्य त्याला अडवू शकत नाही.

वाफेत काय असतं यावर स्वतंत्र मोजमापंही झाली आहेत. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आयकॉसच्या वाफेत कार्बन मोनॉक्साइड, काही बाष्पशील संयुगं आणि बहुचक्रीय हायड्रोकार्बन आढळल्याचं दाखवलं. बहुतेकांचं प्रमाण सिगारेटपेक्षा खूप कमी होतं, निकोटिन मात्र सिगारेटच्या ८४ टक्के होतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने जुलै २०२० मध्ये कंपनीला हानिकारक रसायनांशी संपर्क कमी होतो असं सांगण्याची परवानगी दिली, पण आजाराचा धोका कमी होतो असं म्हणू दिलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात बजावलं की संपर्क कमी होणं आणि हानी कमी होणं एक नव्हे. जपानच्या श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१७ मध्येच या उत्पादनांची शिफारस करता येत नाही अशी भूमिका घेतली होती.

पुढे २०२२ च्या आरंभी, वैद्यकीय अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. एकूण तेरा अभ्यास मिळाले. त्यांतल्या अकरा चाचण्यांमध्ये लोकांना यादृच्छिक पद्धतीने गटांत विभागलं होतं, आणि या अकराही तंबाखू उद्योगाच्या पैशावर झाल्या होत्या. सिगारेट पूर्ण सोडून तापवलेल्या तंबाखूवर आलेल्यांच्या शरीरात विषारी घटकांचं प्रमाण घटतं, असं त्यांतून दिसलं. सिगारेट सोडायला या वस्तूची मदत होते का, हे मोजणारी एकही चाचणी त्यांत नव्हती. उरलेले दोन अभ्यास जपानमधल्या सिगारेट विक्रीचे होते. जगभर ज्या दाव्याचा गाजावाजा होतो, त्याचा पाया इतका अरुंद आहे.

आता जपानच्या घरोघरच्या आरोग्य पाहणीचे आकडे घ्या. धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २०१३ मध्ये १९.३ टक्के होतं आणि २०१९ मध्ये १६.७. यात तापवलेली तंबाखू ओढणारेही धरलेले आहेत. याच काळात सिगारेटची विक्री १९,६९० कोटींवरून ११,८१० कोटींवर आली. म्हणजे विक्री ४० टक्क्यांनी घटली, ओढणारे सुमारे साडेतेरा टक्क्यांनी. या दोन आकड्यांमधल्या अंतरात बहुतांश वस्तूबदल आहे. तंबाखू सुटलेली नाही.

२०१९ च्या त्याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी ७९ टक्के सिगारेट ओढत होते आणि २७.२ टक्के तापवलेली तंबाखू. स्त्रियांमध्ये हेच आकडे ७७.८ आणि २५.२ होते. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण काही जण दोन्ही ओढतात. इंटरनेटवरच्या पाहण्यांत असे दुहेरी वापरणारे याहून बरेच जास्त निघाले. फरक प्रश्नाच्या मांडणीतही आहे. 'सध्या ओढता का' असं विचारलं तर एक उत्तर मिळतं, 'गेल्या तीस दिवसांत एकदा तरी ओढलीत का' असं विचारलं तर वेगळं.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा निकाल या दुहेरी वापरावर लागतो. कचेरीत आणि घरी तापवलेली, संध्याकाळी मित्रांबरोबर दारू पिताना जळती, ही सोयीची वाटणी आहे आणि ती करणाऱ्याला आपण निम्मा धोका टाळला असं मनापासून वाटतं. हृदय असा हिशेब मानत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष सांगतो की दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. एकोणीस सिगारेटी सोडून निम्माच धोका उतरतो. मग वीसच्या पाच करणाऱ्याला काय मिळालं? कर्करोगाच्या बाबतीत काहीतरी मिळालं असेल. हृदयाच्या बाबतीत त्याला वाटतं त्याहून खूपच कमी.

आणि जो पूर्णपणे वळला त्याचं? सिगारेटवर परत न जाणाऱ्या माणसाचं नुकसान कमी होत असण्याची शक्यता मला खरी वाटते, कारण ज्वलन गेलं तर बरंच काही जातं. पण कर्करोगाला आणि दम कोंडणाऱ्या आजाराला दशकं लागतात. नागोयातल्या पहिल्या ग्राहकांना अजून पुरती पंधरा वर्षंही झालेली नाहीत.

सरकारने काय केलं

आरोग्य संवर्धन कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२० पासून ती पूर्ण अमलात आली. उपाहारगृहात सिगारेट ओढायची तर सर्वसाधारणपणे वेगळी खोली हवी आणि त्या खोलीत खाणंपिणं चालणार नाही. तापवलेल्या तंबाखूसाठीही वेगळी खोली हवी, पण तिथे खाणंपिणं चालेल. वीस वर्षांखालच्या कोणालाही, अगदी नोकरालाही, या खोल्यांत प्रवेश नाही. ही शेवटची अट चांगली आहे. खाण्यापिण्याची सवलत मात्र मला चुकीची वाटते. तिने सरकारी शिक्का मारून सांगितलं की ही वस्तू जेवणाच्या टेबलावर चालते. धूम्रपानाच्या जागा आवळण्याने जो दबाव तयार झाला होता, जो काही जणांना सोडण्याकडे नेऊ शकला असता, त्याला याने पळवाट दिली.

करातही तसंच झालं. कांड्यांचं आरंभी वजनावर आधारलेल्या वर्गात मोजमाप व्हायचं. त्यामुळे २०१७ मध्ये सिगारेटच्या किमतीत कराचा वाटा ६३.१ टक्के असताना आयकॉसवर तो ४९.२, ग्लोवर ३६ आणि प्लूम टेकवर अवघा १४.९ टक्के होता. २०१८ पासून पाच टप्प्यांत वजन आणि किंमत यांचं मिश्रण करून हा फरक कमी केला, पण पूर्ण मिटवला नाही. आता २०२६ मध्ये दोन टप्प्यांत तापवलेल्या तंबाखूचा कर सिगारेटच्या बरोबरीला आणण्याचं ठरलं आहे. वाढीव पैसा संरक्षण खर्चासाठी आहे.

कर समान असावा की जळणाऱ्या सिगारेटवर जास्त असावा, यावर आरोग्यक्षेत्रातली प्रामाणिक माणसंही दोन बाजूंना आहेत. समान कर झाला तर काही जण सिगारेटवर परततील, ही भीती निराधार नाही. फरक ठेवायचाच असेल तर मी तो सिगारेटचा कर वाढवून ठेवीन, कांडी स्वस्त ठेवून नाही. स्वस्त कांडी जुन्या ओढणाऱ्याला जितकी मिळते तितकीच, कधीही न ओढलेल्या विशीतल्या मुलालाही मिळते.

दवाखान्यातला शून्य

एप्रिल २०२० पासून जपानच्या आरोग्य विम्यात धूम्रपान सोडण्याच्या उपचारासाठी तापवलेली तंबाखू ओढणारेही स्पष्टपणे पात्र ठरले. निर्णय योग्य होता, पण उपचारात दोन अडचणी आल्या. या उपचारात जगभर सर्वाधिक उपयोगी ठरलेल्या गोळ्यांपैकी एक, व्हॅरेनिक्लिन, २०२१ मध्ये अशुद्धतेच्या कारणाने बाजारातून थांबली आणि जपानमध्ये दीर्घ काळ मिळेना.

दुसरी अडचण मोजमापाची होती. सिगारेट सुटली की नाही हे तपासायला दवाखान्यात रुग्णाला एका छोट्या यंत्रात श्वास सोडायला सांगतात आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतात. आकडा खाली आला की डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही हुरूप येतो. तापवलेली तंबाखू ओढणाऱ्याचा आकडा पहिल्या भेटीतच न ओढणाऱ्याइतका असू शकतो. यंत्र स्वच्छ दाखवतं आणि समोरचा माणूस सकाळी उठल्यावर पाच मिनिटांत पहिली कांडी लावत असतो. त्याला जोखायचं तर लघवीतलं किंवा लाळेतलं कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारं रसायन, तपासावं लागतं, आणि त्याआधी त्याला नेमका प्रश्न विचारावा लागतो. 'सिगारेट ओढता का' या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे 'नाही, सोडली' असं उत्तर देतो. जपानी डॉक्टरांनी आता तापवलेल्या तंबाखूबद्दल वेगळं विचारायला हवं, दिवसाला किती कांड्या आणि त्याशिवाय किती सिगारेटी हे दोन स्वतंत्र आकडे नोंदवायला हवेत, आणि हृदयविकाराने दाखल होणाऱ्यांच्या कागदावरही तेच दोन रकाने हवेत. जेव्हा हे रकाने पुरेशी वर्षं भरले जातील, तेव्हा २०१५ नंतर विक्रीतून गेलेल्या त्या साडेआठ हजार कोटी सिगारेटींच्या बदल्यात जपानी माणसाला काय मिळालं, हे सांगता येईल.